माधवराव सप्रे आणि ‘शिक्षा’ ह्या शब्दाची दोन घराणी

मराठी आणि हिंदी ह्या दोन भाषा एकाच लिपीत लिहिल्या जातात व संस्कृत शब्दांचा मोठा साठा दोघींनाही समाईक आहे. त्यामुळे एकीचा वाचक दुसरीचे पान सहज वाचू लागतो आणि नेमका तेथेच फसतो. हिंदीतील ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीतील ‘चेष्टा’ म्हणजे थट्टा. हिंदीतील ‘संसार’ म्हणजे जग, मराठीतील ‘संसार’ म्हणजे घरप्रपंच. फारसीकडून आलेला ‘राजीनामा’ हिंदीत तडजोडीचा कागद ठरतो, मराठीत नोकरी सोडण्याचा. अशा शब्दांची यादी लांबविता येईल. परंतु ह्या सर्वांत अर्थाची फारकत अत्यंत तीव्र झालेला आणि तरीही दोन्ही अर्थांचे मूळ स्पष्टपणे दाखविणारा शब्द कोणता, असे विचारल्यास ‘शिक्षा’ ह्या शब्दाकडे बोट दाखवावे लागते. हिंदीत शिक्षा घ्यावयाची असते, मराठीत ती भोगावयाची असते.

प्रस्तुत लेखात ह्या शब्दाचा विचार एका व्यक्तीच्या चरित्राच्या आधारे करावयाचा आहे. ती व्यक्ती म्हणजे पंडित माधवराव सप्रे (१८७१–१९२६). घरी मराठी आणि लेखनात हिंदी असे ज्यांचे आयुष्य गेले, ज्यांनी समर्थ रामदास व लोकमान्य टिळक यांना हिंदीत आणले, त्या सप्र्यांच्या जीवनात ‘शिक्षा’ ह्या शब्दाचे दोन्ही अर्थ केवळ कोशात राहिले नाहीत. ते त्यांच्यावर येऊन आदळले. हिंदी साहित्याच्या इतिहासात सप्र्यांना मानाचे स्थान आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मात्र त्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो. ज्याने मराठीचे धन दुसऱ्या भाषेच्या स्वाधीन केले त्याची नोंद मराठीने ठेवू नये, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

सप्र्यांचे नाव रायपूरशी, आणि रायपुरातही तात्यापारा ह्या जुन्या वस्तीशी निगडित आहे. ह्या वस्तीचे नावच दोन भाषांच्या सांध्यावर उभे आहे. ‘तात्या’ हे खास मराठी घरातील संबोधन, संस्कृत ‘तात’ शब्दाच्या कुळातले. ‘पारा’ हा छत्तीसगढी शब्द वस्ती किंवा मोहल्ला ह्या अर्थाचा. संस्कृत ‘पाटक’ शब्दापासून बंगालीत ‘पाडा’, छत्तीसगढीत ‘पारा’ आणि मराठीतही ‘पाडा’ हे रूप आले. मराठी वाचकाला ‘पारा’ म्हटले की आधी काचनळीतील धातू आठवतो, आणि आपल्याच ‘पाड्या’चा हा भाऊ आहे हे ध्यानात येत नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगढावर बसला. १७४१ साली भास्करपंतांची स्वारी ह्या प्रदेशातून गेली आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. १८१८ नंतर इंग्रजी देखरेखीच्या काळात कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपुरास आले. ह्या राजवटींबरोबर कारकून, वैद्य, भिक्षुक, शिक्षक अशी मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. घरात मराठी, बाजारात छत्तीसगढी आणि कचेरीत हिंदी-उर्दू अशी त्यांची भाषिक दिनचर्या असे. अशा घरांत एकाच शब्दाचे दोन अर्थ लहानपणापासून कानी पडत.

माधवरावांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया ह्या गावी झाला. वडिलांचे नाव कोंडोपंत, आईचे लक्ष्मीबाई. कुटुंब पुढे छत्तीसगढात आले. प्राथमिक शिक्षण बिलासपुरास आणि पुढील शालेय शिक्षण रायपूरच्या सरकारी शाळेत झाले. तेथे नंदलाल दुबे ह्या शिक्षकांच्या सहवासात त्यांना हिंदी साहित्याची गोडी लागली. १८९० मध्ये प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाल्यावर जबलपूर व ग्वाल्हेर येथे महाविद्यालयीन अभ्यास करून त्यांनी कलकत्ता विद्यापीठाची बी. ए. पदवी मिळविली. त्या काळी पदवीधरास सरकारी नोकरीचे दार उघडे असे. सप्र्यांनी ते दार ओलांडले नाही. पेंड्रा येथील राजकुमाराचे शिक्षक म्हणून त्यांनी काम पत्करले आणि त्या वेतनातून शिल्लक टाकून जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर हे त्यांचे सहसंपादक होते आणि वामन बळीराम लाखे यांनी प्रकाशनाचा भार उचलला. एका हिंदी मासिकाच्या आरंभी तिन्ही नावे मराठी असावीत, ह्यात त्या काळच्या छत्तीसगढाचे चित्र दिसते.

मासिकाचा हेतू विद्याप्रसाराचा होता. शाळा कमी, छापखाने दुर्मीळ, अशा प्रदेशात वाचक घडवावयाचा होता. ग्रंथपरीक्षणाची शिस्त हिंदीत रुजविण्याच्या कामी ह्या मासिकाचा मोठा वाटा आहे. १९०१ साली त्यात सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा प्रसिद्ध झाली. हिंदीतील आरंभीच्या कथांत तिची गणना होते व पहिली हिंदी कथा कोणती ह्या वादात तिचे नाव नेहमी घेतले जाते. एका विधवेची झोपडी बळकावणारा जमीनदार तिच्याच जमिनीतील मातीची एक टोपली उचलू शकत नाही आणि त्याचे डोळे उघडतात, एवढाच तिचा विषय. येथे जमीनदाराला कोणी दंड करीत नाही, न्यायालयात खेचीत नाही. त्याला कळून येते. हिंदीतील अर्थाने ही शिक्षा आहे. मराठीतील अर्थाने मात्र तो शिक्षेवाचून सुटला असेच म्हणावे लागेल. ह्याच ठिकाणी दोन्ही अर्थ एकमेकांच्या किती जवळ राहतात हे जाणवते.

डिसेंबर १९०२ मध्ये आर्थिक अडचणीमुळे ‘छत्तीसगढ मित्र’ बंद पडले. पुढे काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने हिंदीसाठी शास्त्रीय परिभाषेचा कोश सिद्ध करण्याचे काम हाती घेतले. श्यामसुंदरदासांच्या संपादकत्वाखाली तो १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील अर्थशास्त्राच्या परिभाषेचे काम सप्र्यांकडे होते. परिभाषा करणाऱ्याला शब्दाची सीमारेषा आखावी लागते. बोलताना जे अर्थ एकमेकांत मिसळले तरी चालतात, ते कोशात वेगळे करावे लागतात. शब्दांविषयीची ही जागरूकता पुढे अनुवादक सप्र्यांच्या उपयोगी पडली.

येथे चरित्राचा धागा क्षणभर बाजूस ठेवून शब्दाकडे वळणे इष्ट आहे. ‘शिक्षा’ हा शब्द ‘शिक्ष्’ धातूपासून आला. पाणिनीय धातुपाठात हा धातू विद्या संपादन करणे ह्या अर्थाने स्वतंत्र दिला आहे. आधुनिक तौलनिक भाषाशास्त्राने मात्र त्यास ‘शक्’ म्हणजे समर्थ असणे ह्या धातूचे इच्छार्थक रूप मानले आहे. समर्थ होऊ इच्छिणे हा त्याचा मूळ आशय. ऋग्वेदात ह्या धातूला साहाय्य करणे, देणे अशी छटा आहे. दुसऱ्यासाठी समर्थ होऊ पाहणारा तो देणारा. स्वतःसाठी समर्थ होऊ पाहणारा तो शिकणारा. ‘भिक्षा’ हा शब्दही असाच ‘भज्’ म्हणजे वाटा मिळणे ह्या धातूच्या इच्छार्थक रूपातून आलेला आहे, आणि ‘दीक्षा’ शब्दालाही बहुतेक अभ्यासक ह्याच वर्गात बसवितात. शिक्षा, भिक्षा आणि दीक्षा ह्या तिन्ही शब्दांच्या मुळाशी इच्छा आहे, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

वेदांगांमध्ये ‘शिक्षा’ म्हणजे उच्चारशास्त्र. तैत्तिरीय उपनिषदाच्या पहिल्या वल्लीत हेच नाव दीर्घ ईकाराने येते. स्वर चुकला तर मंत्र उलटतो, ही वृत्राच्या कथेतून सांगितली जाणारी समजूत ह्या शास्त्राच्या परंपरेत दृढ आहे. म्हणजे शिकविण्याच्या ह्या अगदी प्राचीन अर्थाशेजारीही चुकीचे फळ भोगण्याची कल्पना उभी आहे. पालीत ‘सिक्खा’ म्हणजे शील, चित्त आणि प्रज्ञा यांचे त्रिविध अनुशीलन. आणि ‘सिक्खापद’ म्हणजे भिक्षूने पाळावयाचा नियम. नियम मोडल्यास संघापुढे कबुली द्यावी लागे आणि अपराधाच्या गुरुत्वाप्रमाणे परिणाम भोगावा लागे. शिकवणुकीचा नियम झाला आणि नियमभंगाच्या परिणामालाही शिस्तीचे अंग प्राप्त झाले, ह्या संक्रमणाचा मार्ग येथे स्पष्ट दिसतो. प्राकृतातील ‘सिक्ख’ धातूपासूनच हिंदीतील ‘सीखना’ व ‘सीख’ आणि मराठीतील ‘शिकणे’ व ‘शिकवण’ हे शब्द आले. तद्भव रूपांत दोन्ही भाषा एकमताने बोलतात. फारकत झाली ती तत्सम रूपात.

ही फारकत केवळ मराठी-हिंदीपुरती नाही. बंगाली, ओडिया, असमिया, नेपाळी व हिंदी ह्या भाषांत ‘शिक्षा’ म्हणजे विद्याग्रहण. मराठी, कोकणी, कन्नड, तेलुगू व मलयाळम् ह्या भाषांत त्याच शब्दाचा प्रचलित अर्थ शासन किंवा दंड. गुजराती मध्यभागी उभी आहे. तेथे ‘शिक्षण’ विद्येसाठी रूढ आहे आणि ‘शिक्षा’ बहुधा दंडासाठी वापरतात. कन्नडमध्ये ‘शिक्षे’ म्हणजे दंड आणि ‘शिक्षण’ म्हणजे विद्या, अगदी मराठीप्रमाणेच. १८६० च्या भारतीय दंड संहितेला तेलुगूत ‘शिक्षास्मृति’ आणि मलयाळम्‌मध्ये ‘शिक्षानियमम्’ असे म्हणत आले. तमिळमध्ये ‘कल्वि’ हा स्वतःचा शब्द विद्येसाठी असल्याने ‘सिट्चै’ हे उसने रूप शिस्त लावणे व दंड करणे ह्या अर्थांकडे झुकले. भारताच्या नकाशावर पाहिले तर पश्चिम-दक्षिण पट्टा एका अर्थाचा व उत्तर-पूर्व पट्टा दुसऱ्या अर्थाचा अशी सर्वसाधारण विभागणी दिसते. आणि छत्तीसगढ, विशेषतः रायपूर-नागपूरचा प्रदेश, ह्या दोन पट्ट्यांच्या शिवेवर येतो.

समुद्रापलीकडेही हा शब्द दोन्ही वाटांनी गेला. थाई भाषेत ‘सुक्सा’ व ख्मेर भाषेत ‘सेक्सा’ ही त्याची रूपे अभ्यास व विद्या ह्या अर्थाची आहेत. मलय व इंदोनेशियाच्या भाषेत ‘सिक्सा’ म्हणजे यातना, छळ. तरीही जावा बेटाच्या पश्चिम भागातील जुन्या सुंदानी भाषेत १५१८ सालचा ‘सांघ्यांग सिक्सा कांदांग करेसियान’ हा ग्रंथ आहे आणि त्यातील ‘सिक्सा’ आचाराचे नियम व उपदेश ह्या अर्थाची आहे. एकाच प्रदेशाच्या शब्दसंग्रहात उपदेश मागे पडून यातना उरावी, हा प्रवास मराठीच्या प्रवासाहून फारसा निराळा नाही.

मराठीत हा बदल कसा स्थिरावला असावा, याचे उत्तर शेजारच्या शब्दांत शोधावे लागते. शब्द एकटा बदलत नाही. अर्थाचे क्षेत्र वाटून घेणारे त्याचे भाऊबंदही सरकतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) विद्या व शासन हे दोन्ही अर्थ ‘शिक्षा’ शब्दाखाली नांदतात. पुढे विद्येचे क्षेत्र ‘शिक्षण’ ह्या क्रियावाचक नामाने व्यापले आणि ‘शिक्षा’ दुसऱ्या अर्थासाठी मोकळी झाली. त्याच वेळी मराठीत ‘दंड’ हा शब्द मुख्यतः पैशाच्या दंडापुरता संकोच पावला. हिंदीत उलट झाले. तेथे ‘दंड’ आणि फारसीतून आलेला ‘सजा’ यांनी शासनाचे सर्व क्षेत्र राखले, म्हणून ‘शिक्षा’ विद्येपाशीच राहू शकली. मराठीत ह्या कुळातील इतर शब्द मात्र हलले नाहीत. ‘शिक्षक’, ‘सुशिक्षित’, ‘अशिक्षित’ हे सारे विद्येच्याच बाजूस आहेत. शिक्षक शिक्षण देतो, आणि पूर्वी तो शिक्षाही देत असे. एकाच खोलीत, एकाच माणसाच्या हातून दोन्ही गोष्टी घडत. अर्थबदलाला ह्याहून जवळचे कारण शोधण्याची गरज नाही. बंगालीत विद्येचा अर्थ कायम असूनही योग्य शिक्षा देणे ह्या वाक्प्रयोगात अद्दल घडविण्याचा भाव येतो. मराठीतील धडा शिकविणे हा प्रयोगही त्याच वाटेने गेला आहे. संस्कृत ‘शास्’ धातूपासून एकीकडे ‘शिष्य’ व ‘शास्त्र’ आणि दुसरीकडे ‘शासन’ हे शब्द निघाले, हे उदाहरण तर प्रसिद्धच आहे.

आता सप्र्यांकडे परत येऊ. १९०६ मध्ये त्यांनी नागपुरास ‘हिंदी ग्रंथमाला’ सुरू केली. जॉन स्टुअर्ट मिलच्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथाचा महावीरप्रसाद द्विवेदी यांनी केलेला ‘स्वाधीनता’ हा अनुवाद ह्या मालेत आला. ह्याच द्विवेदींनी हर्बर्ट स्पेन्सरच्या शिक्षणविषयक ग्रंथाचा अनुवाद १९०६ साली प्रसिद्ध केला. त्याचे नाव ‘शिक्षा’. मराठी वाचकाच्या हाती ते पुस्तक पडते तर त्याने ते दंडनीतीचे समजून उघडले असते. बंगालच्या फाळणीनंतरचा तो काळ होता. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण हा चतुःसूत्री कार्यक्रम देशापुढे आला होता. सप्र्यांनी स्वदेशी आणि बहिष्कार ह्या विषयांवर हिंदीत पुस्तक लिहिले. ते पुढे १९०९ मध्ये सरकारने जप्त केले. १३ एप्रिल १९०७ रोजी त्यांनी नागपुराहून ‘हिंदी केसरी’ हे साप्ताहिक काढले. टिळकांच्या ‘केसरी’तील विचार हिंदी प्रदेशात नेणे हे त्याचे मुख्य कार्य. मराठीतील राष्ट्रीय शिक्षण हिंदीत राष्ट्रीय शिक्षा होणार, आणि मराठी बातमीतील शिक्षा हिंदीत दंड किंवा सजा होणार. ‘केसरी’ समोर ठेवून हिंदी लिहिणाऱ्याला हा निवाडा आठवड्यागणिक करावाच लागे. त्या वर्षांत राजद्रोहाच्या खटल्यांच्या बातम्या आणि राष्ट्रीय शाळांच्या बातम्या एकाच पानावर येत, हे ध्यानात घेतले म्हणजे हा निवाडा किती निकडीचा होता हे कळते.

१९०८ मध्ये ‘हिंदी केसरी’ने राष्ट्रीय आंदोलन व बहिष्कार ह्या विषयावर निबंधस्पर्धा घेतली. तीत खांडव्याच्या एका तरुण शिक्षकाचा निबंध पहिला आला. त्याचे नाव माखनलाल चतुर्वेदी. ह्याच वर्षी जून महिन्यात टिळकांना अटक झाली आणि २२ जुलै रोजी त्यांना सहा वर्षे हद्दपारीची शिक्षा झाली. नागपुरात ‘देशसेवक’चे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर यांच्यावर खटला झाला; आणि २२ ऑगस्ट १९०८ रोजी माधवराव सप्रे यांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक करण्यात आली.

सप्र्यांच्या चरित्रातील अवघड प्रसंग तो हाच. सुमारे तीन महिने ते कारागृहात होते. ज्येष्ठ बंधू बाबूराव यांनी कुटुंबाच्या वाताहतीचा विचार पुढे करून माफीपत्रावर सही करण्याचा आग्रह धरला. माधवरावांच्या लहानपणापासून घराचा भार त्या बंधूंनी वाहिला होता. त्यांचा शब्द मोडणे माधवरावांना शक्य झाले नाही. सही झाली, सुटका झाली, खटला मिटला. टिळक मंडालेच्या कारागृहात असताना त्यांचा हिंदी अनुवादक माफी मागून घरी परतला होता. समकालीनांनी टीका केली. परंतु त्यांच्या टीकेपेक्षा सप्र्यांचे स्वतःचे मन अधिक कठोर ठरले.

त्यांच्या चरित्रकारांनी हा प्रसंग बहुधा सहानुभूतीने आणि थोडक्यात आटोपला आहे. तसे करण्याचे कारण नाही. त्यांनी कोणत्या परिस्थितीत सही केली हे जितके खरे, तितकेच ती केली हेही खरे. आणि सप्र्यांनी स्वतः परिस्थितीचे कारण पुढे करून आपली सुटका करून घेतली नाही. न्यायालयाने जी शिक्षा दिली नाही ती त्यांनी स्वतःस दिली. घर सोडून ते वर्ध्याजवळ हनुमानगड येथे श्रीधर विष्णू परांजपे यांच्या सान्निध्यात जाऊन राहिले. परांजपे हे रामदासी परंपरेतील साधक होते. तेथे सुमारे वर्षभर सप्र्यांनी माधुकरी मागून निर्वाह केला. पदवीधर संपादक झोळी घेऊन दारोदार जात असे. मराठी अर्थाने ही शिक्षा होती. परंतु ती भोगत असतानाच गुरूच्या आज्ञेने ‘दासबोधा’चे पारायण आणि मनन चालू होते, म्हणजे ती हिंदी अर्थानेही शिक्षाच होती. रामदासांनी ‘दासबोधा’च्या चौदाव्या दशकात भिक्षेचे निरूपण केले आहे, भिक्षेमुळे लोकांची परीक्षा होते, देश कळतो, अहंता झडते, असा त्याचा रोख आहे. शिक्षा, भिक्षा आणि दीक्षा हे तीन इच्छार्थक शब्द सप्र्यांच्या ह्या एका वर्षात एकत्र आले. बाहेरून लादलेला दंड माणसाला समर्थ करीलच असे नाही. स्वतः इच्छिलेला दंड मात्र धातूच्या मूळ अर्थाकडे, समर्थ होऊ पाहण्याकडे, परत जाऊ शकतो.

हनुमानगडाहून परत आल्यावर सप्रे रायपुरास राहिले. त्यांनी तेथे रामदासी मठाची स्थापना केली आणि वीस दशकांचा व दोनशे समासांचा ‘दासबोध’ हिंदीत उतरविला. ‘दासबोधा’चा अनुवाद हे भाषेचे कठीण काम आहे. समर्थांच्या शब्दांत संस्कृत, फारसी आणि बोली यांचे मिश्रण आहे. शिवाय जे शब्द हिंदीतही तसेच दिसतात तेच अनुवादकाला अधिक चकवतात. मराठीचा संसार हिंदीत संसार म्हणून ठेवला तर घर जाऊन जग येते. समर्थांची शिकवण हिंदीत शिक्षा म्हणून मांडली तर अर्थ बरोबर लागतो, पण मराठी अनुवादकाच्या कानाला तो शब्द क्षणभर टोचल्यावाचून राहणार नाही. नुकतीच शिक्षा भोगून आलेल्या माणसाच्या कानाला तर विशेषच.

१९१२ मध्ये सप्र्यांच्या प्रयत्नाने रायपुरात जानकीदेवी महिला पाठशाला सुरू झाली. मुलींच्या शिक्षणासाठी शाळा काढणे त्या काळच्या रायपुरात सोपे नव्हते. दंडाच्या अर्थाकडून विद्येच्या अर्थाकडे त्यांचे जीवन वळले ते येथे. पुढे टिळकांनी मंडालेच्या कारागृहात लिहिलेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ १९१५ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाला आणि त्याचा हिंदी अनुवाद सप्र्यांनी केला. तो १९१६ मध्ये बाहेर आला. ज्यांच्याबरोबर तुरुंगवास भोगणे आपल्याला साधले नाही, त्यांच्या तुरुंगवासाचे फळ हिंदी वाचकाच्या हाती देण्याचे काम सप्र्यांकडे यावे, ह्यात योगायोग थोडा आणि निष्ठा अधिक आहे. टिळकांनीही हे काम त्यांच्याकडे सोपविताना १९०८ ची सही आड येऊ दिली नाही. कर्मयोगाचे प्रतिपादन करणारा तो ग्रंथ ह्या अनुवादामुळे उत्तर भारतातील घराघरांत पोहोचला. चिंतामण विनायक वैद्य यांच्या महाभारतावरील विवेचनाचा ‘महाभारत मीमांसा’ हा हिंदी अनुवादही सप्र्यांचाच.

१७ जानेवारी १९२० रोजी जबलपुराहून ‘कर्मवीर’ साप्ताहिक निघाले. त्यामागील प्रेरणा व खटपट मुख्यतः सप्र्यांची. परंतु संपादकपद त्यांनी माखनलाल चतुर्वेदी यांच्याकडे सोपविले. १९२१ मध्ये बिलासपूर येथील भाषणाबद्दल चतुर्वेदींवर राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यांनी कारावास भोगला. एके काळी निबंधस्पर्धेत पहिला आलेला तो शिक्षक आता शिक्षेला सामोरा गेला. गुरूला जे साधले नाही ते शिष्याने केले. आणि शिष्य घडविण्यात गुरूची शिक्षा, हिंदी अर्थाने, सफल झाली. असहकाराच्या त्या काळात रायपुरात राष्ट्रीय विद्यालय उभे करण्याच्या कामीही सप्रे पुढे होते. १९२४ मध्ये डेहराडून येथे भरलेल्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. मातृभाषा मराठी असलेल्या लेखकाला हिंदीने दिलेला हा सर्वोच्च मान होता. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरास त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय पंचावन्न वर्षांच्या आतच होते. १९८४ मध्ये भोपाळ येथे स्थापन झालेले वृत्तपत्रांचे संग्रहालय त्यांच्या नावाने चालते.

‘शिक्षा’ शब्दाचा संसार त्यांच्यानंतरही तसाच चालू राहिला. २००१ साली केंद्र शासनाने प्राथमिक शिक्षणाची देशव्यापी योजना ‘सर्व शिक्षा अभियान’ ह्या नावाने सुरू केली. महाराष्ट्रातील शाळांच्या भिंतींवरही तेच नाव रंगविले गेले, आणि सर्वांना शिक्षा ही कसली योजना, असा विनोद मराठी माणसाने केला. २०१८ मध्ये ही योजना ‘समग्र शिक्षा’ ह्या व्यापक योजनेत विलीन झाली. २०२० मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाचे नाव हिंदीत ‘शिक्षा मंत्रालय’ झाले. मराठी वृत्तपत्रे त्यास शिक्षण मंत्रालय म्हणतात. दुसऱ्या बाजूस १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि कायद्याच्या शीर्षकातून ‘दंड’ शब्दच गेला. शीर्षके बदलली, तरी मराठी न्यायालयीन भाषेत आरोपीला शिक्षाच ठोठावली जाते आणि त्याच दिवशी हिंदी प्रदेशात मुले शिक्षा घेण्यासाठी शाळेत जातात.

अशा शब्दांना भाषाभ्यासक फसवे मित्र म्हणून बाजूस ठेवतात व अनुवादकाला सावधगिरीचा इशारा देऊन मोकळे होतात. इशारा योग्यच आहे. पण तेवढ्यावर थांबल्यास शब्दाने साठवून ठेवलेला अनुभव हातचा जातो. मराठी अर्थाने हिंदीला आठवण द्यावी की विद्येला शिस्तीची व चुकीच्या जबाबदारीची बाजू असते. हिंदी अर्थाने मराठीला आठवण द्यावी की ज्या दंडातून माणूस काही शिकत नाही, तो नुसती यातना होय. मलय भाषेने तर तो अर्थ उघडच करून टाकला आहे. सप्र्यांनी ह्या शब्दावर निबंध लिहिला नाही. त्यांनी दोन्ही भाषांत जगून, एक अपराध स्वतः मान्य करून आणि पुढील अठरा वर्षे त्याची भरपाई ग्रंथांनी व शाळांनी करून, ह्या दोन अर्थांमधील अंतर चालून दाखविले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासाने त्यांची नोंद घ्यावयाची, तर हिंदीचे एक मराठी सेवक म्हणून घेतली की पुरे, असे समजू नये. मराठी शब्दांचे हिंदीतील भवितव्य ज्याने आपल्या आयुष्याची किंमत देऊन ठरविले, त्या लेखकाचे स्थान दोन्ही इतिहासांत आहे.